सांगता येणारे चित्र

चित्र ही पाहण्याची वस्तू आहे, सांगण्याची नव्हे, असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो खोटाही नाही. पावसाळी संध्याकाळी दिसणाऱ्या एखाद्या घाटाचे चित्र कितीही रसभरीत शब्दांत वर्णन करून सांगितले, तरी ऐकणाऱ्यांपैकी कोणत्याही दोघांच्या डोळ्यांपुढे एकच घाट उभा राहणार नाही. एकाच्या मनात खंडाळ्याचा घाट असेल, दुसऱ्याच्या मनात आंबोलीचा. आणि ज्याचा जन्म गंगेकाठच्या सपाट प्रदेशात गेला, त्याच्या मनात तर बहुधा काशीच्या पायऱ्याच उभ्या राहतील! परंतु काही चित्रे अशी असतात की ती जशीच्या तशी सांगता येतात. आणि ऐकणारा इंदूरला असो, बेळगावला असो की तंजावरला असो, त्याच्या कागदावर तीच उतरतात.

असे एक चित्र सांगून पाहण्यासारखे आहे. ज्याच्याजवळ आलेखकागद, पट्टी आणि कंपास असेल त्याने ९०० एकक रुंद आणि ६०० एकक उंच असा एक आयत आखावा. त्याचे प्रत्येकी २०० एकक उंचीचे तीन आडवे पट्टे करावेत. वरचा केशरी, मधला पांढरा, खालचा हिरवा. मधल्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर १८५ एकक व्यासाचे एक निळे चक्र काढावे आणि त्याला एकमेकांपासून १५ अंशांच्या अंतराने चोवीस आरे द्यावेत.

तीन पट्ट्यांचे रंग ऐकताच श्रोत्याने हे चित्र ओळखले असेल. संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारलेला हा भारताचा राष्ट्रध्वज. त्यावरील चक्र सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावरून घेतलेले. भारतीय मानक संस्थेने १९५१ साली ज्या मानकाला क्रमांक एक दिला, ते याच ध्वजाचे मानक होय. शब्द आणि आकडे यांच्या द्वारा एखादे चित्र नेमकेपणाने सांगण्याचे इतके चांगले उदाहरण आपल्याकडे दुसरे क्वचितच सापडेल. मात्र त्या मानकातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ध्वजाचे नऊ आकार त्यात ठरवून दिलेले आहेत. ६३०० मिलिमीटर रुंदीच्या सर्वांत मोठ्या ध्वजावर चक्राचा व्यास १२९५ मिलिमीटर, आणि १५० मिलिमीटर रुंदीच्या सर्वांत लहान ध्वजावर २५ मिलिमीटर. भागाकार करून पाहिला तर मोठ्या ध्वजात चक्र रुंदीच्या पाचव्या हिश्शाहून किंचित मोठे आहे, आणि लहान ध्वजात ते सहाव्या हिश्शाइतकेच आहे. म्हणजे लहान ध्वज ही मोठ्या ध्वजाची केवळ आटवलेली प्रत नव्हे. तो स्वतंत्रपणे सांगितलेला आहे. ‘कितीही मोठे करा, कितीही लहान करा’ अशी ज्या चित्रपद्धतीची ख्याती आहे, तिच्याकडे वळताना हा आकड्यांचा भेद ध्यानात ठेवणे बरे.

ती पद्धती म्हणजे संगणकावरील व्हेक्टर चित्रांची. संगणकात चित्र साठवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली छायाचित्राची. तीत चित्र म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांची जाळी असते आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग तेवढा नोंदलेला असतो. हजार ठिपके रुंद आणि हजार ठिपके उंच अशा बेताच्या चित्रात दहा लाख ठिपके होतात. असे चित्र वाचून दाखवावयाचे म्हटले आणि सेकंदाला एक ठिपका असा वेग धरला, तरी अखंड अकरा दिवस-रात्री त्यात जातील आणि तरीही बाराव्या दिवशी काही ठिपके उरतील. आणि एवढे ऐकूनही ‘यात वर्तुळ कोठे आहे?’ या प्रश्नाला नोंदीमध्ये उत्तर नाही, कारण तेथे वर्तुळ नाहीच. वर्तुळासारखे दिसणारे ठिपके आहेत. दुसरी रीत व्हेक्टर पद्धतीची. तीत वर्तुळ काढले म्हणजे संगणक एवढेच लिहून ठेवतो: हे वर्तुळ आहे, याचा मध्य अमुक ठिकाणी, याची त्रिज्या अमुक, याचा रंग निळा. पाहणाऱ्यासमोर ते मांडण्याची वेळ आली की त्या वाक्यावरून वर्तुळ नव्याने काढले जाते. पडदा हातातल्या फोनएवढा असो की चौकातल्या फलकाएवढा असो, वाक्य तेच राहते.

आकृती अशी बोलून सांगण्याची कल्पना काही संगणकाच्या पोटी जन्मलेली नाही. वैदिक यज्ञवेदींची मापे सांगणारी शुल्बसूत्रे ही मुखोद्गत करण्यासाठी रचलेली, आणि शुल्ब म्हणजे दोरी. दोरी आणि खुंटी या दोन वस्तूंनी चौरस कसा आखावा, वर्तुळ कसे फिरवावे, एकाचे दुसऱ्यात रूपांतर कसे करावे, हे सारे त्यांत आकृतीवाचून, नुसत्या शब्दांनी सांगितले आहे. चौरसाएवढ्या क्षेत्रफळाचे वर्तुळ हवे असेल तर बौधायनाची रीत अशी: मध्यबिंदूपासून कोपऱ्यापर्यंतचा दोर बाजूच्या दिशेने फिरवावा, बाजूच्या बाहेर तो जेवढा उरेल त्याचा तिसरा भाग अर्ध्या बाजूत मिळवावा आणि त्या त्रिज्येने वर्तुळ काढावे. हिशेब करून पाहिला तर हे वर्तुळ चौरसापेक्षा पावणेदोन टक्क्यांच्या आतबाहेर मोठे भरते. खुंटीच्या जाडीने आणि दोराच्या ताणाने पडणारा फरक ध्यानात घेतला तर ही चूक म्हणण्याजोगी चूक नव्हे. वर्तुळाच्या बाबतीत अशी ‘जवळजवळ’ची तडजोड संगणकालाही करावी लागली आहे, तो भाग पुढे येईल.

व्हेक्टर चित्रे लिहिण्यासाठी आज जी भाषा सर्वत्र समजली जाते, तिला तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून एसव्हीजी म्हणतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००१ साली ती मान्य केली. तिच्यात मूलभूत आकृती सहाच आहेत: आयत, वर्तुळ, लंबवर्तुळ, रेषा, अनेक रेषांची मोडती मालिका आणि बहुभुज. या भाषेतील चित्र साध्या मजकुराप्रमाणे उघडून वाचता येते, एखादा आकडा बदलून पुन्हा जतन करता येते. शाळेत आलेख शिकलेल्या माणसाला तिच्यात एकच गोष्ट प्रथम बुचकळ्यात टाकते. येथे आरंभबिंदू डावीकडे वरच्या कोपऱ्यात असतो आणि उंची मोजताना आकडे खालच्या दिशेने वाढत जातात. पानावर लिहिताना ओळी जशा खाली उतरतात तशा.

आता ही भाषा हाताने लिहीत बसण्याची गरज नसते. चित्रकार पडद्यावर माउसने आकृती ओढतो आणि मागच्या मागे वाक्ये लिहिली जातात. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इंकस्केप हे विनामूल्य आणि खुले असल्यामुळे विद्यार्थ्यांच्या हाती सहज पडते. सोडीपोडी नावाच्या आधीच्या एका सॉफ्टवेअरमधून फुटून ते २००३ साली वेगळे झाले. वर सांगितलेला ध्वज त्यात काढू लागले म्हणजे मूलभूत आकृतींचे सारे व्याकरण आपोआप समोर येते.

आयताचे साधन निवडावे, एका कोपऱ्यावर दाबावे, तिरपे ओढावे, सोडावे, आयत झाला. कंट्रोलची कळ दाबून ओढले तर चौरस मिळतो, किंवा एकास दोन, एकास तीन अशा साध्या प्रमाणांतील आयत मिळतात. ध्वजाचे प्रमाण तीनास दोन असल्यामुळे ते मात्र त्या कळीने मिळत नाही. तेव्हा वरच्या पट्टीत रुंदीच्या रकान्यात ९०० आणि उंचीच्या रकान्यात ६०० असे सरळ लिहावे. नवशिक्याला यात काहीतरी लबाडी केल्यासारखे वाटते. हाताने ओढले तरच ते चित्र, आकडा लिहिला तर तो हिशेब, अशी एक समजूत मनात बसलेली असते. परंतु गवंडी ओळंबा लावतो तेव्हा त्याला कोणी नजर कच्ची असल्याचा दोष देत नाही. जेथे मोजणे शक्य आहे तेथे मोजावे, आणि नजर जेथे मोजमाप पोचत नाही तेथे खर्चावी.

पट्टे मांडतानाही एक छोटी युक्ती आहे. तीन पट्टे एकमेकांना नुसते टेकवले तर काही पडद्यांवर सांध्यात केसाएवढी फट दिसते. म्हणून सराईत माणूस तळाशी पूर्ण ९०० बाय ६०० चा केशरी आयत ठेवतो, त्यावर २०० पासून खालपर्यंत पांढरा आणि त्यावर ४०० पासून खालपर्यंत हिरवा. नंतर आलेली आकृती आधीच्या आकृतीला झाकते हा या चित्रांचा नियमच आहे. कौलावर कौल चढवावे तसे हे काम. दिसतात तीन पट्टे, पण फट राहत नाही.

चक्राच्या बाबतीत अडचण अधिक. शिफ्ट आणि कंट्रोल या दोन्ही कळा दाबून ओढले म्हणजे सुरुवातीचा बिंदू मध्य मानून शुद्ध वर्तुळ वाढत जाते. आत रंग भरावयाचा नाही, कडेला तेवढी जाड निळी रेघ द्यावयाची. पण ही रेघ वर्तुळाच्या कडेवर दोन्ही बाजूंना सारखी पसरते; निम्मी आत, निम्मी बाहेर. रेघ दहा एककांची धरली आणि वर्तुळ १८५ चे काढले तर बाहेरून मोजलेले चक्र १९५ चे होईल. म्हणून बाहेरून १८५ हवे असल्यास वर्तुळ १७५ चे काढावे लागते. आकृती आणि तिची रेघ या दोन निराळ्या वस्तू आहेत, ही गोष्ट कागदावर पेन्सिलने काढणाऱ्याच्या कधी लक्षातच येत नाही, कारण कागदावर रेघ हीच आकृती असते. भूमितीच्या शिक्षकांनी ‘रेषेला जाडी नसते’ म्हणून कितीही बजावले तरी खडूची जाडी फळ्यावर दिसतच असते. येथे मात्र शिक्षकांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरते. रेषेला जाडी नाही; जाडी ही तिला नेसवलेली आहे. याचा दुसरा परिणाम असा की चक्र दुप्पट मोठे केले तर रेघही दुप्पट जाड व्हावी की होती तेवढीच राहावी, हे वेगळे सांगावे लागते. इंकस्केपमध्ये त्यासाठी एक छोटेसे बटण आहे. त्याच्याकडे लक्ष न गेल्यामुळे मोठे केल्यावर काडीसारखी धाव लागलेली किंवा लहान केल्यावर आरे बुजून गेलेली चक्रे पुष्कळ ठिकाणी दिसतात.

राहिले आरे. चोवीस आरे चोवीस वेळा काढणे हा शुद्ध वेडेपणा होय. एकच आरा नीट काढावा, निमुळता. मग त्याची प्रत करून ती १५ अंशांनी फिरवावी. मात्र कोणतीही आकृती फिरवली की ती स्वतःच्या मध्याभोवती फिरते, आणि आऱ्याचा स्वतःचा मध्य म्हणजे काही चक्राचा तुंबा नव्हे. फिरण्याचा बिंदू उचलून आधी तुंब्यावर नेऊन ठेवावा लागतो. तो नेला की पुढचे काम मोजणीचे. एकाचे दोन झाले. त्या जोडीची प्रत ३० अंशांनी फिरवली की चार. चारांची प्रत ६० अंशांनी फिरवली की आठ. आणि त्या आठांच्या आणखी दोन प्रती, एक १२० अंशांवर आणि एक २४० अंशांवर, की चोवीस आरे पुरे. चार पायऱ्यांत चक्र भरते. या प्रती पहिल्या आऱ्याशी बांधलेल्या ठेवता येतात, त्यांना क्लोन म्हणतात. पहिला आरा थोडा बारीक केला की तेवीसही त्याच क्षणी बारीक होतात. नंतर आऱ्यांच्या मधोमध, धावेला आतून चिकटलेले चोवीस लहान ठिपकेही याच रीतीने फिरवावयाचे. पुष्कळ चित्रांत ते विसरलेले असतात.

येथपर्यंत आले की या पद्धतीचे मर्म ध्यानात येऊ लागते. संगणक आकृती दाखवतो खरा, पण जपतो ती आकृतीविषयीची विधाने. आणि विधान जोपर्यंत शाबूत आहे तोपर्यंतच ती आकृती सुधारता येते. इंकस्केपमधील आयताच्या कोपऱ्यावर एक वाटोळी मूठ असते. ती ओढली की चारही कोपरे सारखे गोल होतात. उद्या तोच आयत रुंद करावासा वाटला आणि त्याच्या मुठींनी ओढला, तर बाजू लांबतात, कोपऱ्यांची गोलाई होती तशीच राहते; कारण ‘मी आयत आहे आणि माझे कोपरे इतके गोल आहेत’ हे त्याला आठवते. ताऱ्याला आपले कोपरे किती आणि आतली त्रिज्या बाहेरच्या त्रिज्येच्या कितवा हिस्सा, हे आठवते. पाचाचे सात कोपरे करणे हे एक आकडा बदलण्याचे काम आहे. लंबवर्तुळाच्या कडेवरची मूठ बाहेरच्या बाजूने फिरवली तर भाकरीचा चतकोर मोडावा तशी फाक निघते, आतल्या बाजूने फिरवली तर नुसती कमान उरते. आणि मन बदलले तर पुन्हा पूर्ण लंबवर्तुळ परत मिळते, कारण मोडलेला भाग गेलेला नसतो, झाकलेला असतो.

पण या साधनांत एक आज्ञा अशीही आहे की ती दिली म्हणजे आकृती आपले नाव विसरते. तिला पाथ करणे म्हणतात. पाथ केल्यावर दिसण्यात तिळभर फरक पडत नाही; पण आता तो आयत राहिलेला नसतो. काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा एवढेच शिल्लक उरते. त्याबदली स्वातंत्र्य मिळते: कोणताही बिंदू कोणीकडेही ओढावा, आयताची बोट करावी, वर्तुळाचे पान करावे. हे स्वातंत्र्य आवश्यकही आहे. नाहीतर जगात आयत आणि वर्तुळे यांपलीकडे काही काढताच आले नसते. परंतु जी आकृती पाथ झाली तिचे कोपरे पुन्हा एका मुठीने गोल करता येत नाहीत, आणि ती रुंद केली तर गोलाई ताणली जाऊन बसकी होते. घाईने सगळ्याचे पाथ करून टाकण्याची नवशिक्यांची खोड असते, आणि तिचे फळ बहुधा दुसऱ्यालाच भोगावे लागते. एखाद्या संस्थेचे जुने बोधचिन्ह दहा वर्षांनी दुरुस्त करावयास घ्यावे तर त्यात कोठेही वर्तुळ सापडत नाही, मध्य सापडत नाही, त्रिज्या सापडत नाही. शेकडो बिंदूंचा ढीग तेवढा हाती येतो. चित्र दिसते, पण ते काढणाऱ्याच्या मनात काय होते ते पुसले गेलेले असते. मग मापे घेऊन, अंदाज बांधून, सगळे नव्याने सांगावे लागते.

वर्तुळ पाथ होते तेव्हा काय होते हे जरा खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. मुक्त वक्ररेषेसाठी या सर्व साधनांत जी वक्रे वापरतात त्यांना बेझिए वक्रे म्हणतात. रेनो या फ्रेंच मोटार कंपनीतील अभियंता पिएर बेझिए यांच्या नावाने ती ओळखली जातात. वास्तविक सित्रोएन या दुसऱ्या फ्रेंच कंपनीत पॉल द कास्तेलजो यांनी १९५९ सालीच ती बसवली होती, पण कंपनीने ते काम गुप्त ठेवले आणि नाव दुसऱ्याचे झाले! दोघांपुढचा प्रश्न एकच होता: मोटारीच्या पत्र्याचा बाक कारागिराच्या नजरेवर न सोपवता आकड्यांत कसा सांगावा? त्यांचे उत्तर असे: वक्राची दोन टोके सांगावीत आणि प्रत्येक टोकाशी एक अदृश्य मूठ सांगावी. मुठीची दिशा म्हणजे वक्र कोणीकडे निघाला ती दिशा. मुठीची लांबी म्हणजे तो त्या दिशेला किती ओढीने निघाला ते. चार बिंदूंत एक वक्र पुरा झाला. या युक्तीने पंख, पाने, मोटारीचे बाक, अक्षरांची पोटे, सारे काही काढता येते. काढता येत नाही ते फक्त शुद्ध वर्तुळ. चार वक्रे जोडून वर्तुळाच्या अगदी जवळ जाता येते, आणि त्यासाठी मुठीची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवावी लागते. एवढे केल्यावर उरणारी चूक त्रिज्येच्या दहा हजार भागांत तीन भागांहूनही कमी असते. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ती पाव मिलिमीटरच्या आसपास भरेल. छपाईच्या जगात क्रांती करणाऱ्या पोस्टस्क्रिप्ट या भाषेने १९८४ पासून वर्तुळे अशीच काढली आणि कोणाच्याही डोळ्यांना ती खुपली नाहीत. बौधायनाची दोरी आणि ही मूठ यांच्यात सुमारे अडीच हजार वर्षांचे अंतर आहे; ‘पुरेसे जवळ’ म्हणजे किती जवळ, याचा निर्णय मात्र दोन्ही वेळी काम करणाऱ्यानेच केला आहे.

या साऱ्याचा आरंभ अमेरिकेत झाला. १९६३ साली मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यासंस्थेत आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने स्केचपॅड नावाचा प्रबंध सादर केला. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढावयाच्या, अशी ती योजना होती. परंतु तिच्यातली खरी नवलाई लेखणीत नव्हती. षट्कोन हवा असेल तर वर्तुळावर सहा कोपरे टेकवून वेडीवाकडी सहा बाजूंची आकृती काढावी, आणि मग यंत्राला सांगावे की या सहाही बाजू समान असल्या पाहिजेत. पडद्यावरची आकृती हलून, सावरून स्वतःच नियमित षट्कोन होई. वर्तुळ मग पुसून टाकले तरी चाले. म्हणजे काढणाऱ्याने हाताने फक्त सूचना करावयाची आणि शब्दाने अट घालावयाची; बाकी यंत्राने पाळावयाचे. यंत्रे आणि इमारती यांचे आराखडे काढण्याच्या साधनांत ही अटींची भाषा आजही नांदते. सर्वसामान्य चित्रसाधनांत मात्र ती फारशी उरलेली नाही. त्यांत दोन रेषा काटकोनात ठेवता येतात, पण ‘यापुढे काहीही झाले तरी या काटकोनातच राहिल्या पाहिजेत’ असे त्यांना सहजासहजी बजावता येत नाही. साठ वर्षांत रंग वाढले, छटा वाढल्या, वेग तर कल्पनेपलीकडे वाढला. या एका बाबतीत मात्र आजची साधने आपल्या पूर्वजापेक्षा मागे आहेत, असे म्हणावे लागते.

आणि जे सांगता येत नाही त्याचे काय? देवनागरी अक्षर हे त्याचे चांगले उदाहरण आहे. कवी आणि अक्षरकार र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हा टंक आखला, आणि लाखो मराठी माणसांनी संगणकावरचे आपले पहिले मराठी अक्षर त्या टंकात पाहिले. त्यातले प्रत्येक अक्षर हे बिंदू आणि वक्रे यांच्या भाषेत सांगितलेले आहे. शिरोरेषा आणि काना एवढाच भाग मूलभूत आकृतींनी होण्याजोगा. दोन आयत काढले की झाले. पण ‘ळ’ची गाठ, ‘ह’चा वळसा, ‘अ’चे पोट वर्तुळाच्या तुकड्यांनी काढून पाहिले तर अक्षर वाचता येते आणि तरीही ते अक्षर वाटत नाही, तारेचे वेटोळे वाटते. कारण ते रूप बोरूने घडवलेले आहे. तिरप्या कापलेल्या बोरूची रेघ एका दिशेला जाड आणि दुसऱ्या दिशेला बारीक उमटते, आणि वळणावर ती जाडी क्षणाक्षणाला बदलते. इंकस्केपमध्ये बोरूचा कोन अंशांत लिहून देण्याची सोय आहे आणि तिचा उपयोगही होतो. परंतु हात कोठे थांबला, कोठे दाब वाढला, कोठे श्वास घेऊन पुन्हा निघाला, हे त्या कोनात येत नाही. हाताने ओढलेली रेघ घेतली तर तीत शंभर बिंदू पडतात. ती सोपी करण्याची आज्ञा दिली तर पन्नास उरतात, पुन्हा दिली तर वीस. दर वेळी रेघ अधिक गुळगुळीत होते आणि दर वेळी हाताचा थोडा भाग निघून जातो. कोणत्या वेळी थांबावे हे सांगणारा आकडा कोणत्याही रकान्यात नाही. तेथे अक्षरकाराला पडद्यापासून मागे सरून, डोळे बारीक करून पाहावेच लागते, आणि जोशींसारख्या अक्षरकारांची खरी कमाई तेथेच होती.

शेवटी चित्र जतन करण्याची वेळ येते, आणि मूलभूत आकृतींची गोष्ट तेथे एक लहानसे वळण घेते. एसव्हीजीच्या सहा आकृतींत तारा नाही, मळसूत्रासारखी फिरत जाणारी सर्पिल आकृतीही नाही. मग इंकस्केप ताऱ्याची स्मृती ठेवते कोठे? ते दोन नोंदी करते. सर्वांना समजावे म्हणून साधा पाथ लिहिते, आणि त्याच्या शेजारी स्वतःसाठी एक टिपण ठेवते: हा तारा आहे, याला पाच कोपरे आहेत, याच्या दोन त्रिज्या अमुक अमुक. त्या टिपणाच्या मथळ्यावर आजही सोडीपोडी हेच नाव असते. घर वेगळे झाले, पण आडनाव जुनेच राहिले. दुसरे कोणतेही सॉफ्टवेअर ती फाइल उघडते तेव्हा ते टिपणाकडे दुर्लक्ष करून नुसता पाथ दाखवते. इंकस्केपमध्ये परत उघडली की तारा पुन्हा तारा होतो. जतन करताना ‘प्लेन एसव्हीजी’ असा पर्याय निवडला तर मात्र हे टिपण गाळले जाते. फाइल थोडी हलकी होते आणि ताऱ्याचा कायमचा दशकोनी बहुभुज होतो. म्हणून जाणते लोक दोन प्रती ठेवतात. छापखान्याकडे किंवा संकेतस्थळाकडे जाणारी साधी प्रत निराळी, आणि टिपणांसकट घरी ठेवावयाची प्रत निराळी. दुसरीच्या नावापुढे ते बहुधा ‘मूळ’ असे लिहितात.